सेकंडहँड घेतलेला गेमिंग लॅपटॉप खेळताना सारखा क्रॅश होतो? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

गेम ऐन रंगात आला की स्क्रीन काळी पडते, गेम बंद होतो. अशा वेळी विंडोजमधलं नोंदी दाखवणारं इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि विंडोज लॉग्जच्या सिस्टीम विभागात ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. ती दिसली, तर ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर) अडकला होता आणि विंडोजने तो पुन्हा चालू केला, असा अर्थ. कारण मात्र त्यातून कळत नाही.

आधी चार्जर बघा. सेकंडहँड लॅपटॉपसोबत बरेचदा कमी वॅटचा चार्जर गळ्यात मारलेला असतो. त्यावरचे वॅट मूळ मॉडेलच्या चार्जरशी ताडून पाहा. मग डीडीयूने (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ड्रायव्हर पुसायचं सॉफ्टवेअर) विंडोजच्या सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पुसा आणि लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा टाका.

तरी क्रॅश होतोच? मग उष्णता. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. खोलीच तापलेली असेल तर पंखा गरम हवाच ओढणार. कूलरसमोर लॅपटॉप ठेवू नका, ती हवा दमट असते. मागचं झाकण उघडलं की पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) मधोमध धुळीचा नमद्यासारखा थर सापडतो. तो काढा, थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला लेप) बदलून घ्या. नागपूरच्या सीताबर्डीत दुरुस्तीला दिलात तर काम समोर बसून करून घ्या.

शेवटची परीक्षा: एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कोअर क्लॉक, म्हणजे ग्राफिक्स चिपचा वेग, १०० मेगाहर्ट्झने उतरवा. तेवढ्याने क्रॅश थांबले तर चिपच थकल्याची शंका घ्या. वॉरंटीचे दिवस शिल्लक असतील तर त्याच दिवशी विक्रेत्याकडे जा.