व्यापारासाठी मदत: इमारत झाली, ट्रक तिथेच! या चुका टाळा

गरीब देशांना मदत म्हटलं की धान्य, लसी, शाळा आठवतात. सीमेवरची ट्रकची रांग कमी करायलाही मदत मिळते, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. जागतिक व्यापार संघटनेच्या २००५ च्या हाँगकाँग परिषदेत ‘व्यापारासाठी मदत’ हा उपक्रम सुरू झाला. २०१३ मध्ये बालीत व्यापार सुलभीकरणाचा, म्हणजे सीमेवरची कामं सोपी आणि जलद करण्याचा करार ठरला आणि २२ फेब्रुवारी २०१७ पासून तो लागू झाला. म्हणजे पैसा आहे, करार आहे, सल्लागार तर पैशाला पासरी आहेत. तरीही प्रकल्प त्याच त्या ठिकाणी ठेचकाळतात. अशा कामांवर जाणाऱ्यांनी आणि या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी पुढच्या गोष्टी आधीच तपासून घ्याव्यात.

माल कुठे अडतो ते न मोजता खर्च सुरू करणे

केनियातल्या मोंबासा बंदरात उतरलेला कंटेनर युगांडातल्या कंपालाला जायला निघाला, की वाटेत बंदर, सीमाशुल्क, वजनकाटे, केनिया-युगांडामधली मलाबा किंवा बुसियाची सीमा असे टप्पे लागतात. रांग सीमेवर दिसते म्हणून सगळे सीमेकडे धावतात. पण सीमेवर थांबलेल्या ट्रकचं खरं दुखणं पुष्कळदा मागे असतं. कागद अपुरे असतात, कर भरलेला नसतो, नाहीतर एजंटकडे अधिकारपत्रच नसतं.

२०१४ पासून पूर्व आफ्रिकी समुदायाने (केनिया, युगांडा वगैरे देशांच्या गटाने) हे ओळखून कामाची जागाच बदलली. युगांडाच्या महसूल खात्याची माणसं मोंबासात बसवली आणि माल बंदरातून निघण्याआधीच कराचा हिशेब पुरा करायची पद्धत आणली. सीमेवर उरली ती फक्त खातरजमा. यात मोठं बांधकाम नव्हतं, त्यामुळे फीत कापायचे फोटोही नव्हते.

मोजायचं कसं? जागतिक सीमाशुल्क संघटनेची ‘टाइम रिलीज स्टडी’ नावाची पद्धत आहे. माल आल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ टप्प्याटप्प्याने नोंदवायचा. आपल्या न्हावा शेवाला असे अभ्यास नियमित होतात आणि त्यात एक गोष्ट वारंवार दिसते: ज्याने बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र, आगाऊ भरलं, त्याचा माल लवकर सुटतो. म्हणजे उशिरात आयातदाराचाही वाटा असतो. तो वाटा किती, हे कळल्याशिवाय सरकारी बाजूवर पैसे ओतण्यात अर्थ नाही.

छप्पर एक, कायदे दोन

झांबिया आणि झिम्बाब्वेच्या मधे झांबेझी नदीवर चिरुंडू आहे. आफ्रिकेतला पहिला एकथांबा सीमानाका २००९ मध्ये तिथे सुरू झाला. कल्पना सोपी आहे: ज्या देशात शिरायचं त्याच बाजूला ट्रक एकदाच थांबतो आणि दोन्ही देशांचे अधिकारी तिथेच बसून आपापलं काम उरकतात.

आता जरा बारकाईने बघा. केनियाचा अधिकारी युगांडाच्या जमिनीवर बसलाय. समोरच्या ट्रकमध्ये चोरटा माल सापडला. जप्ती त्याने करायची का? कुठल्या कायद्याने? आरोपीला कुठल्या कोर्टात उभं करायचं? त्याची उत्तरं कागदावर नसतील तर अधिकारी जोखीम घेत नाही, जुन्याच पद्धतीने काम करतो. म्हणून पूर्व आफ्रिकी समुदायाला २०१६ मध्ये एकथांबा नाक्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. बुसियाच्या नाक्याचं रीतसर उद्घाटन २०१८ मध्ये झालं. कायदा बांधकामाच्या बरोबरीने, खरं तर आधी चालला पाहिजे.

नवा नाका झाला आणि वेळ कमी होत नसेल, तर या गोष्टी बघा. दोन्ही देशांच्या कामाच्या वेळा एकच आहेत का? तपासणी एकत्र होते, की पहिल्याने उघडलेला कंटेनर दुसरा पुन्हा उघडतो? वनस्पती तपासणीचा माणूस नाक्यावर बसतो, की वीस किलोमीटरवरच्या गावातून येतो? शेवटच्या कारणाने टोमॅटोचा ट्रक दुपारभर उन्हात उभा राहू शकतो आणि दोष मात्र सीमाशुल्काला लागतो.

संगणक आला, फाइल गेली नाही

अंकटाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-विकास संस्थेची ‘असायकुडा’ ही सीमाशुल्काची संगणक प्रणाली जगभरातल्या अनेक देशांत आहे आणि ती चांगली आहे. घोटाळा आजूबाजूला होतो. घोषणापत्र ऑनलाइन भरायचं, मग त्याचीच प्रिंट काढून शिक्क्यासाठी रांगेत उभं राहायचं. असं होत असेल तर पहिल्यांदा त्या देशाचा कायदा उघडा. इलेक्ट्रॉनिक सहीला तिथे मान्यता आहे का? मग लेखापरीक्षकाला विचारा. वर्षाअखेरीस तो कागदच मागणार असेल, तर खालचा कारकून कागद का सोडेल?

एकखिडकी योजनेतही हाच फास आहे. पंचवीस खात्यांचे फॉर्म एका पोर्टलवर चढवले म्हणून परवाने कमी होत नाहीत. आधी परवाने छाटा, मग पोर्टल बांधा.

आणि जोखीम पाहून तपासणीची सोय असूनही बहुतेक माल लाल मार्गाने (म्हणजे उघडून तपासायच्या रांगेने) जात असेल, तर सॉफ्टवेअर कंपनीला फोन करू नका. अधिकाऱ्याची बढती कशावर ठरते ते विचारा. अनेक गरीब देशांत सरकारच्या तिजोरीचा मोठा हिस्सा सीमाशुल्कातून येतो आणि अधिकाऱ्याला वसुलीचं उद्दिष्ट दिलेलं असतं. ट्रक लवकर सोडल्याबद्दल त्याची पाठ कुणी थोपटत नाही, चार पैसे कमी वसूल झाले तर मात्र जाब विचारतात. माझ्या मते हा या सगळ्या क्षेत्रातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. सुटकेचा वेळ हाही अधिकाऱ्याच्या मूल्यमापनाचा भाग केल्याशिवाय प्रशिक्षणाची शिबिरं म्हणजे चहा-बिस्किटं.

मोठ्या ट्रकसाठी आखलेली सीमा

बुसियाला अंडी, मासे, भाजी घेऊन रोज सीमा ओलांडणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यासाठी २,००० डॉलरपर्यंतच्या, पूर्व आफ्रिकी समुदायातच पिकलेल्या किंवा बनलेल्या मालाला सोपा दाखला मिळतो, कर लागत नाही. पण अशा मालाची यादी भिंतीवर स्थानिक भाषेत लावलेली नसेल, तर आडवाट आणि चिरीमिरी हाच मार्ग राहतो. इथे खर्च थोडा आणि फायदा थेट असतो. तरी अहवालांत हे प्रकरण शेवटच्या पानावर असतं.

रस्ता झाला, भाडं उतरलं नाही

कॅमेरूनच्या दुआला बंदरातून शेजारच्या चाड देशाला जाणारा माल ट्रकवाल्यांमध्ये ठरलेल्या हिश्श्याने आणि रांगेने वाटला जातो. अशा बंद बाजारात रस्ता गुळगुळीत झाला तरी बचत ट्रकमालकाच्या खिशात जाते. रुवांडाने १९९४ नंतर नियंत्रणं उठवली आणि भाडी झपाट्याने उतरली. तेव्हा रस्त्याच्या प्रस्तावात वाहतूक बाजाराचं प्रकरण नसेल तर प्रस्ताव परत पाठवा.

सीमा ओलांडली, पण पलीकडे माल नापास

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना २०१० चा हंगाम आठवत असेल. क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात कंटेनर अडकले. भारताकडे प्रयोगशाळा होत्या, द्राक्षांचा माग बागेपर्यंत काढणारी ग्रेपनेट प्रणाली होती, तरी एका रसायनाने दणका दिला. जिथे मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच नाही, तिथल्या भुईमुगात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष निघालं तर शेतकऱ्याने काय करायचं? नाका आणि प्रयोगशाळा यांची बजेटं वेगळ्या खात्यांत असतात, म्हणून दुसरी नेहमी मागे पडते.

प्रकल्प संपल्यानंतरचा पहिला सोमवार

व्यापार सुलभीकरणाच्या करारानुसार प्रत्येक सदस्य देशाला व्यापार सुलभीकरणाची राष्ट्रीय समिती लागते. भारतात ती कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली आहे, म्हणून खाती ऐकतात. अध्यक्षपद एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्याकडे असेल आणि बैठका देणगीदाराच्या पैशांवर होत असतील, तर पैसा आटला की समितीही आटते.

कंटेनर तपासणाऱ्या स्कॅनरचंही तसंच. निविदेतच देखभाल, सुटे भाग आणि स्थानिक तंत्रज्ञांचं प्रशिक्षण लिहून घ्या. सर्व्हरचा वार्षिक खर्च कुठल्या खात्याच्या अंदाजपत्रकात बसणार, तेही आधी ठरवा. वापरशुल्क लावायचं असेल तर मालाच्या किमतीच्या टक्केवारीत लावू नका. कराराचं सहावं कलम सीमाशुल्काच्या प्रक्रियेचं शुल्क सेवेच्या अंदाजे खर्चापुरतंच ठेवायला सांगतं.