शिपवर स्टेल्थ लावायचं की नाही, हे कसं ठरवायचं

स्पेस स्ट्रॅटेजी गेममधे क्लोक (स्टेल्थ, म्हणजे शत्रूच्या सेन्सरपासून शिप लपवायचं यंत्र) अनलॉक झालं की बरेच जण ते आख्ख्या फ्लीटवर चढवतात आणि पहिल्याच मोठ्या लढाईत फ्लीट साफ होते, कारण जिथे शील्ड किंवा गन बसली असती तिथे लपायचं यंत्र बसलंय आणि गोळीबार सुरू झाल्यावर त्याचा काहीच उपयोग नाही. म्हणून आधी विचारा, ही शिप दिसल्यावर काय करणार? पळणार, एकदाच मारून पळणार, की उभी राहून लढणार? उभी राहून लढणार असेल तर स्टेल्थ काढा, आर्मर लावा, यात दुसरं मत नाही.

मग उष्णतेचा हिशोब. गेम खऱ्या फिजिक्सच्या जवळ जाणारा असेल (किंवा तुम्ही स्वतः रूल्स लिहीत असाल) तर सगळा खेळ इथेच आहे. अवकाशाचं बॅकग्राउंड २.७ केल्विन आणि तुमचा हल (शिपचं बाहेरचं कवच) ३०० केल्विनच्या आसपास असेल तर दर चौरस मीटरमागे साधारण ४६० वॉट इन्फ्रारेड बाहेर पडतंय. रडार शोषणारं कोटिंग लावून हे लपत नाही. उष्णता आतच कोंडायची तर साठवायला काहीतरी हवं, समजा बर्फ घेतला, १ किलो वितळायला ३३४ किलोज्यूल, म्हणजे १ मेगावॉट उष्णता सेकंदाला ३ किलो बर्फ खाते, तासाला जवळपास ११ टन! आणि हे वजन ढकलायला इंजिन जास्त वेळ चालवायचं, जे चालू असताना तुम्ही दिसताच. त्यामुळे स्टेल्थ कायम मिळतं असं धरू नका, मिनिटांत मोजा.

चांगले गेम ही किंमत वसूल करतात. एलिट डेंजरसमधे सायलेंट रनिंग (उष्णता आत कोंडून लपायचा मोड) लावलं की शील्ड जाते आणि हीट चढत राहते, ईव्ह ऑनलाइनमधे क्लोक असताना टार्गेट लॉक होत नाही आणि बहुतेक कशाच्याही २००० मीटरच्या आत गेलात की क्लोक उडतं.

शेवटी समोरच्याचा खर्च बघा. तुमच्या दहा महागड्या शिप त्याच्या एका स्वस्त सेन्सर स्टेशनला दिसत असतील तर सौदा तोट्याचा. उष्णता एकाच दिशेला सोडायची युक्तीसुद्धा त्याचे स्काउट दोन बाजूंना पसरले की संपली. मी तरी स्काउट आणि टॉर्पेडो बोटींवरच स्टेल्थ लावतो, आणि तेही त्याच पैशात बिनस्टेल्थच्या किती बोटी झाल्या असत्या हे बघूनच.