सीन समजून घ्यायचाय? मग आधी टीव्हीचा आवाज बंद करा

बडोद्यात मराठी पिक्चर लागतात थोडे आणि शो पण भलत्याच वेळी, म्हणून आपण बहुतेक घरीच बघतो. ठीक आहे, घरी पॉज तरी करता येतं, आणि या कामाला तेच लागतं.

आधी बघितलेल्या पिक्चरमधला दोन-तीन मिनिटांचा एकच सीन घ्या, नवीन नको, नाहीतर पुढे काय होतंय त्यातच जीव अडकतो. आवाज बंद करून बघा. संवाद गेले की लगेच दिसायला लागतं की कॅमेरा कुणाच्या बाजूने उभा आहे, कोण मधोमध बसलंय आणि कुणाला कोपऱ्यात ढकललंय. मधेच पॉज करून फ्रेम चित्रासारखी बघा. दादासाहेब फाळके चित्रकला शिकले ते आपल्याच बडोद्याच्या कलाभवनात, १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा.

मग उलटं, स्क्रीनकडे पाठ करून नुसतं ऐका. 'सैराट'च्या शेवटी असं केलंत तर ऐकायला काहीच मिळणार नाही. एवढी गाणी वाजवलेला पिक्चर तिथे पूर्ण गप्प होतो आणि आर्ची-परश्याचं लहान पोर रक्ताची पावलं उमटवत बाहेर जातं. तिथे व्हायोलिन टाकलं असतं तर आपण रडून मोकळे झालो असतो, आता ते सुटतच नाही.

हाच खरा प्रश्न आहे बघा, प्रत्येक सीनला विचारायचा: हे दुसऱ्या कुठल्या पद्धतीने दाखवता आलं असतं, आणि मग असंच का दाखवलं? 'कोर्ट' या पिक्चरमध्ये कॅमेरा लांब, हलत नाही, कट पण कमी, बऱ्याच जणांना बोअर होतं. पण कोर्टाला सुट्टी लागते, दिवे बंद होतात, अंधार बराच वेळ तसाच राहतो, आपल्याला वाटतं संपला पिक्चर, आणि मग खटला चालवणारे तेच जजसाहेब सहलीला गेलेले दिसतात. तिकडे एक माणूस खटल्यात अडकलाय आणि इकडे सहल, हे कुणी तोंडाने बोलत नाही, फक्त एकापुढे एक ठेवलंय.

प्रतीकं मात्र जपून. 'फँड्री'त खालच्या मानलेल्या जातीतलं कुटुंब डुक्कर उचलून नेतं तेव्हा मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रं आहेत, ते मुद्दाम केलेलं आहे, शंकाच नको. पण प्रत्येक निळा शर्ट म्हणजे काहीतरी असं नसतं हो, कधी कधी इस्त्रीचा तोच होता. वस्तू परत परत आली किंवा कॅमेरा तिच्यावर रेंगाळला तरच डोकं लावा.

आणि एडिटिंग कळायचं असेल तर वाचू नका, करून बघा. रशियात लेव कुलेशोव या दिग्दर्शकाने एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला, एकदा सूपच्या वाटीसोबत, एकदा शवपेटीसोबत, एकदा बाईसोबत जोडला, आणि बघणाऱ्यांना तीन वेगळे भाव दिसले म्हणे. घरी काकांना काही न करता समोर बघायला सांगा, दहा सेकंद शूट करा. मग एक शॉट सेव उसळच्या प्लेटचा, एक रिकाम्या झोपाळ्याचा. मोबाईलच्या कुठल्याही फुकट अ‍ॅपमध्ये दोन क्लिप बनवा, चेहरा दोन्हीत तोच, आणि दोन वेगळ्या माणसांना एकेक दाखवून विचारा, काकांना काय झालंय? फक्त काकूंना पाठवू नका, त्यांना काका भुकेले आहेत का नाही ते आधीच माहीत असतं.