चिपी विमानतळावर उतरायचंय? मग आधी मशीन नीट जमवा

मालवणात कुणी फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या गेमसाठी, मशीन जुळवून मागितलं की पहिला प्रश्न ठरलेला: ग्राफिक्स कार्ड कुठलं? मी म्हणतो, बाबांनो, आधी प्रोसेसर बघा. सिमचा बराचसा भार एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच कोअर करतो अशा कामाच्या साखळीवर पडतो. जादा कोअर बरेचदा नुसते बसून राहतात, मोठी कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, मात्र कामाला येते. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसरमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर उतरताना चित्र कमी अडखळतं ते तिच्यामुळे.

ग्राफिक्स कार्ड १६ जीबी मेमरीचं, रॅम ३२ जीबी, परवडली तर ६४. साठवणीला वेगवान एनव्हीएमई एसएसडी २ टीबी. झालं.

खरी कटकट आपल्या हवेची. पंख्याच्या जाळीवर खारट, चिकट थर बसतो आणि धूळ त्यालाच धरते. म्हणून जाळी काढून धुता येईल असंच कॅबिनेट घ्या, समुद्राकडच्या खिडकीपासून लांब ठेवा. पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी मशीन चालू असू द्या, म्हणजे आत ओल धरत नाही.

वीज गेली तर मशीन सांभाळणारा यूपीएस प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी सुरळीत लहर देणारा. दुकानदार मोठा दिसणारा व्हीएचा आकडा सांगेल, तुम्ही वॅट विचारा; यूपीएस खरा किती भार पेलतो ते त्यातून कळतं.