गावात व्हीआर दाखवताय? आजी, बाया अन् पोट्टे यांना एकाच मापाने बसवू नका

यवतमाळकडच्या गावांत मी शाळांमधून आणि बचत गटाच्या बैठकांत व्हीआर हेडसेट दाखवते, म्हणजे डोळ्यांवर चढवायचं, आतल्या भिंगांतून चहूबाजूंनी चित्र दाखवणारं यंत्र. समाजमंदिरात पेटी उघडली की पोट्टे पुढे, मग गडी माणसं, बाया शेवटी भिंतीपाशी. त्यातल्या एखादीला गरगरलं की मागून कोणीतरी म्हणतंच, ‘बायांचं काम नाही हे.’ मला याचा फार राग येतो.

आधी भिंगांचं अंतर पाहा. दोन बुबुळांमधलं अंतर मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, बायांचं पुरुषांपेक्षा थोडं कमी. भिंगं बुबुळांसमोर आली नाहीत तर चित्र धूसर दिसतं, डोळे ताणतात, मळमळतं. अमेरिकेत के स्टॅनी या संशोधक बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हेच दाखवून दिलं. बायांना होणाऱ्या जास्तीच्या त्रासामागचं मोठं कारण न जुळणारं अंतर होतं. ज्यांचं जुळलं, त्यांचा त्रास पुरुषांसारखाच निघाला. माझ्याकडच्या क्वेस्ट २ या मेटा कंपनीच्या हेडसेटमध्ये भिंगं ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटरवर सरकवता येतात. कपाळाला मोजपट्टी लावून, लांब बघायला सांगून माप घ्या. मग हेडसेट चढवून आतली अक्षरं वाचायला लावा. अक्षरं स्पष्ट झाल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

अंबाड्याकडे कोणी लक्ष देत नाही. मागचा पट्टा अंबाड्यावर बसला की हेडसेट हळूहळू नाकावर उतरतो आणि जुळवलेलं सगळं बिघडतं. क्लचर काढायला सांगा, अंबाडा मानेवर सोडा, वेणी असेल तर पट्ट्याच्या फटीतून बाहेर घ्या. केसांना तेल असतंच, म्हणून दर वेळी चेहऱ्याला टेकणारा फोम पुसा. भिंगाला फक्त चष्म्याचं कोरडं मऊ कापड लावा, स्पिरिट नाही.

बाईच्या डोक्याला हात लावायला बाईच ठेवा. डोळे झाकलेल्या माणसाला आपल्याकडे कोण बघतंय, कोण मोबाइल रोखून उभं आहे, कळत नाही. आपल्या गावात सुनेला सासऱ्यासमोर असं बसणं किती अवघड जातं, ते बाहेरच्याला समजायचं नाही. मी बायांची वेळ वेगळी ठेवते, दार लोटून घेते, शूटिंग करू देत नाही. मग त्याच बाया मोकळेपणाने मान वळवून मागचं जंगलही बघतात.

आजी-आजोबांना हातांच्या खुर्चीत बसवा, उभं करू नका. वाचायचा चष्मा काढा, कारण चित्र डोळ्यांना मीटरभराहून लांब असल्यासारखं दिसतं; लांबचा चष्मा असला तर ठेवा. कॅमेरा एका जागी स्थिर असलेला व्हिडिओ लावा. झोके, उड्डाण, धावती गाडी नको. कान जड असतील तर आता काय दिसणार ते वऱ्हाडीत सांगत राहा. मिरगी असलेल्याला किंवा चक्कर येणाऱ्याला लावूच नका.

दहा वर्षांखालच्या पोरांना सरळ नाही म्हणा. मेटाचा नियमही तोच आहे. अर्धा किलोचं ओझं कोवळ्या मानेवर येतं आणि लहान चेहऱ्यावर हेडसेट नीट बसत नाही. मोठ्या पोट्ट्यांना पाच-दहा मिनिटं पुरे.

काढल्यावर प्रत्येकाला थोडं बसवा, पाणी द्या. डोकं हलकं वाटत असेल तोवर गाडीवर बसू देऊ नका, विहिरीकडेही पाठवू नका.