पंधरा वर्षं जुन्या गाडीचं पासिंग एका फेरीत कसं उरकावं

जुनी गाडी बाळगणाऱ्याला मुंबईत सल्ल्यांची कमी नाही. सोसायटीतला एक जण हमखास सांगतो, पंधरा वर्षं झाली की गाडी थेट भंगारात. ती दिल्लीची भानगड आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि आरटीओच्या तपासणीनंतर, म्हणजे पासिंगनंतर, पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. वयाची हद्द आहे ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीला, २० वर्षांची. ताडदेवला २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी त्यामुळेच २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. घरच्या गाडीला दरवर्षी पासिंगही लागत नाही, ते आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाड्यांना. दुसरा शहाणा म्हणतो, एजंटला पैसे द्या, गाडी न्यायचीसुद्धा गरज नाही. त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

कागद

अर्ज नमुना २५ मध्ये, परिवहनच्या पोर्टलवर. मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून करता येतो, त्या आधी नाही. गाडी कोणत्या आरटीओत न्यायची ते नंबरप्लेटवरून: एमएच-०१ ला ताडदेव, ०२ ला अंधेरी, ०३ ला वडाळा, ४७ ला बोरिवली. चालू विमा आणि चालू पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, लागतं, ई-चलनं आधी भरून टाका. कारची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. गाडी २० वर्षांपुढची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. कर्ज केव्हाच फिटलं असलं तरी आरसीवर (नोंदणीपत्रावर) बँकेचा बोजा तसाच असतो, तो उतरवून घ्या. उच्च सुरक्षा नंबरप्लेट अजून बसवली नसेल तर ते काम पहिलं.

मुदत जून-जुलैत संपत असेल तर ६० दिवसांची सवलत वापरा आणि जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत गाडी दाखवून या. कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

चेसिस नंबर

लोक पासिंगच्या आधी गाडी पॉलिश करतात, सीट कव्हर बदलतात, आणि ज्यावरून गाडी परत पाठवली जाते तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. इन्स्पेक्टर पहिल्यांदा आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर शोधतो. तो पत्र्यातच ठोकलेला असतो. बऱ्याच गाड्यांत बॉनेट उघडल्यावर समोरच्या आडव्या पत्र्यावर, म्हणजे फायरवॉलवर. काहींत पुढच्या सीटखाली, कार्पेटच्या कापलेल्या झडपेआड. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. नंबर वाचता आला नाही की पुढची तारीख. इंजिन कितीही गोड वाजत असो.

मुंबईत हा नंबर गंजतो, आणि त्याला समुद्राची खारी हवा एकटी जबाबदार नाही. वायपरच्या खालची जाळी एकदा उचलून बघा. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर पर्जन्यवृक्षाची बारीक पानं तिथे कुजून चिखल झालेला असतो. पाणी जायची भोकं बुजतात, पन्हळीत पाणी साचतं आणि फायरवॉलवरून झिरपत राहतं. सीटखालच्या नंबराची दुर्दशा वेगळ्या वाटेने होते: एसीच्या पाण्याची नळी तुंबते, पाणी आत पाझरतं, कार्पेट ओलं राहतं आणि कुबट वास येतो म्हणून मालक सुगंधी डबी टांगतो. वास आला की आधी कार्पेट उचलावं.

आता सफाई. गॅरेजवाल्याच्या हाती ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश देऊ नका, पॉलिश पेपरही नको. गंजासोबत आकड्यांच्या कडा जातात, आणि घासलेला नंबर बघून इन्स्पेक्टरच्या मनात येणारी पहिली शंका म्हणजे गाडी चोरीची. त्याचं काही चुकत नाही, चोरीच्या गाड्यांचे नंबर असेच घासतात. आदल्या रात्री त्या जागेवर गंज सुटायचं पातळ तेल मारा. सकाळी जुना टूथब्रश आणि डिझेलमध्ये भिजवलेलं सुती फडकं घ्या आणि धीराने पुसत राहा. आधी काळपट चिखल निघेल, मग तांबूस भुकटी, मग अक्षरांच्या खाचा दिसू लागतील. पूर्ण कोरडं करून पेन्सिलचा ठसा घ्या: पातळ कागद चारी बाजूंनी सेलोटेपने ताणून चिकटवा आणि मऊ शिसाची पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवा. टोकाने घासलंत तर कागद फाटतो. अर्जाला लागणारा ठसा हाच, तेव्हा दोन-तीन जास्तीचे घेऊन ठेवा. शेवटी नंबरावर ग्रीसचा पातळ हात. रंग नको, त्याने खाचा भरतात.

ठसा आरसीशी एकेक अक्षर लावून बघा. नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. आरसीवर ओ दिसला तर तो शून्य आहे, कोणीतरी चुकीचा टाइप केलाय. जुनी आरसी पुस्तकं संगणकावर चढवताना असे घोळ झालेत. दुरुस्तीचा अर्ज आधी, पासिंग मग. तेच इंजिन नंबरचं: मधे कधी इंजिन बदललं असेल आणि आरसीवर त्याची नोंद नसेल, तर तारीखच घेऊ नका.

नंबर खरोखरच गंजाने खाल्ला असेल तर कुर्ल्यात किंवा आणखी कुठे कोणी 'पंच मारून देतो' म्हणेल. तो फौजदारी गुन्हा आहे. आरटीओकडे अर्ज करायचा, ते गाडी बघतात आणि त्यांच्या परवानगीनेच नंबर पुन्हा ठोकला जातो. वेळ जातो, जाऊ द्या.

पत्रा

जॅक लावायची जागा, दाराखालचा उंबरा, पायाखालचा तळ. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. 'टण्' वाजलं तर ठीक, 'भद्' वाजलं तर आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे. सडका पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. गंजावरच काळं अंडरकोटिंग फासणाऱ्याला पैसे देऊ नका. ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात हात आरपार जातो.

धूर

मुंबईत नव्या गाड्यांच्या धुराचं बीएस-४ हे मानक एप्रिल २०१० पासून लागू झालं. त्या आधीच्या गाडीला पीयूसी सहा महिन्यांचं, नंतरच्या गाडीला वर्षाचं. पेट्रोल बीएस-४ ला आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत लागतो, बीएस-३ ला ०.५. गाडी थंड असताना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करत नाही, म्हणून घरासमोरच्या पंपावर थंड गाडी नेऊन नापास होऊ नका. वीसेक मिनिटं चालवा, मग तशीच गरम यंत्राला लावा. त्या आधी एअर फिल्टर, प्लग आणि ऑईल. सीएनजी असेल तर किट आरसीवर चढलेलं हवं आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) चालू हवी.

त्या दिवशी

सगळे दिवे, हॉर्न, वायपर, सीट बेल्ट, आणि चढावर धरणारा हँडब्रेक. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या वर. काळी फिल्म, बुल बार आणि बाजारातले पांढरे एलईडी घरी काढून या, तिथे वाद घालायला नाही. पिवळी पडलेली हेडलाइटची काच बफिंग करून घ्या. सकाळची वेळ घ्या आणि बॉनेट स्वतः उघडा. मोबाइलचा टॉर्च नंबरावर तिरका धरलात तर खाचांची सावली पडते आणि तो एका नजरेत वाचता येतो.

पास झाल्यावर पोर्टलवर नवी मुदत चढली का ते बघा. कार्ड यायला वेळ लागला तरी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी पोलिसांना दाखवायला चालते.