फोन दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे होऊ नका: पेन्शनरांनी या चुका टाळाव्यात

३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बहुतेक काउंटरवर. निवृत्त झाल्यापासून दर बुधवारी सकाळी आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्रात एक टेबल धरून बसतो. कुणाला फॉर्म भरून हवा असतो, कुणाला पासबुकातली नोंद कळत नसते, कुणाचा फोन अडलेला असतो. सहा वर्षांत समोरची माणसं बदलत गेली, चुका मात्र त्याच आहेत. त्या बघून जीव तुटतो, कारण नुकसान होतं ते आयुष्यभर पै-पै जोडलेल्या माणसाचं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "तूच कर रे बाबा" म्हणत फोन नातवाच्या हातात देणं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक काकू जानेवारीत आल्या. यजमान केंद्र सरकारी नोकरीत होते, ते गेल्यापासून काकूंना कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं. डिसेंबरअखेरचं पेन्शन जमा झालं नव्हतं. पेन्शन चालू राहायला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. "तो दिला होता का?" विचारलं, तर म्हणाल्या, "हो, नातवानं नोव्हेंबरातच मोबाइलवर केला. पाच मिनिटांत झाला." मेसेजही जपून ठेवला होता, त्यात प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा क्रमांक होता. म्हणजे दाखला तयार झाला होता. पण तयार होणं वेगळं आणि पेन्शन देणाऱ्या बँकेनं तो स्वीकारणं वेगळं. जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर स्थिती पाहिली, तर दाखला नाकारलेला. नातवानं पेन्शनच्या प्रकारात 'फॅमिली'ऐवजी 'सर्व्हिस' निवडलं होतं, आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांकातला एक आकडा गाळला होता. नाकारल्याचा मेसेज जाहिरातींच्या मेसेजांखाली दबून गेला होता.

नातू हुशार आहे, दोष त्याच्या बुद्धीचा नाही. पीपीओ म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ज्यांना ठाऊक होतं त्या काकू स्वयंपाकघरात होत्या. त्यांना एकदाच हाक मारली, ती चेहरा दाखवायला. मी काकूंना शेजारी बसवलं, पीपीओची जुनी प्रत समोर ठेवली आणि एकेक रकाना त्यांना मोठ्यानं वाचायला लावला. पंचवीस मिनिटं लागली. पुढच्या महिन्यात थकबाकीसह पैसे आले. पण मधले दोन महिने त्यांनी औषधं उधारीवर आणली होती, आणि मुलाला सांगितलंही नव्हतं.

म्हणून माझी पद्धत सांगतो. दाखला केला की आठ दिवसांनी स्थिती पाहायची आणि 'स्वीकारला' दिसेपर्यंत काम झालं असं धरायचं नाही. वयामुळे बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहरा ओळखण्याची सोय २०२१ पासून आहे. त्यासाठी खिडकीकडे तोंड करून बसा, पाठ करून नको. केंद्राच्या पेन्शनरांपैकी ८० वर्षांवरच्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, तेव्हा नोव्हेंबरच्या गर्दीत शिरू नका. ईपीएस-९५ वाल्यांना, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीकडून पेन्शन मिळणाऱ्यांना, तर नोव्हेंबरचं बंधनच नाही. ज्या दिवशी दाखला द्याल, तिथून वर्षभर तो चालतो. ती तारीख मात्र घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

यूपीआयचा पिन फोनच्या कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवू नका. चार किंवा सहा आकडे पाठ होतात, आपण पाढे पाठ केलेली माणसं आहोत.

दुसरी चूक पैसे 'घेताना' पिन टाकण्याची. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले माझे एक स्नेही जुनं सागवानी कपाट विकत होते. जाहिरात टाकली आणि तासाभरात एकाचा फोन आला. घासाघीस न करता नऊ हजार कबूल. "कोड पाठवतो, स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील." यांनी मुलाच्या फोनवर आलेला कोड आपल्या फोननं स्कॅन केला, पिन टाकला, नऊ हजार गेले. तो म्हणाला, "काका, उलटं झालं वाटतं, परत स्कॅन करा, दोन्ही मिळून अठरा पाठवतो." यांनी परत केलं.

मला याहून जास्त वाईट पुढच्या भागाचं वाटतं. हा माणूस तीन दिवस गप्प बसला. बायकोला सांगितलं नाही, मुलाला नाही, बँकेत गेला नाही. लोक काय म्हणतील, या वयात एवढंही कळलं नाही का म्हणतील. बुधवारी माझ्याकडे आले तेव्हा १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून बाहेर गेलेले. हा फोन पहिल्या अर्ध्या तासात केला असता तर पैसे वाटेतच गोठवले जाण्याची आशा असते. अहो, फसवणारा रोज हेच काम करतो, आपण आयुष्यात एकदा कपाट विकतो. यात लाज कसली? फसलात तर आधी १९३०, मग बँक, आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगा.

यूपीआयमध्ये पिन लागतो तो फक्त पैसे पाठवायला आणि शिल्लक बघायला. पैसे घ्यायला पिनही लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. मी स्वतः पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलेलंच नाही. दुसऱ्या बँकेत एक साधं खातं आहे, त्यात महिन्याला पाच हजार टाकतो. भाजी, रिक्षा, दूध सगळं त्यातून. गेलंच तर तेवढंच जाईल. आणि पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव ओठ हलवून वाचतो. मागे रांग लागली असली तरी. भाजीवाल्या मावशी थांबतात, त्यांची हरकत नसते. घाई असते ती मागच्या तरुणांना, ती त्यांच्यापाशी राहू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून किंवा वाहनाचा दंड म्हणून येणारी, नावाच्या शेवटी 'एपीके' असलेली फाइल उघडू नका. पत्रिका फोटो म्हणून येते, अ‍ॅप म्हणून नाही.

"आज रात्री वीज तोडणार" हा मेसेजही तसाच फसवा. बिल पाहायचं तर मागच्या महिन्याच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन वीज कंपनीकडेच तपासा.

बँकेचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. तो पासबुकावर आणि कार्डाच्या मागे छापलेला असतो. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश दिसला तर फोन ठेवा. 'डिजिटल अटक' असा प्रकार आपल्या कायद्यात नाही.

आता ठेवींबद्दल. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी सगळी ग्रॅच्युइटी एका ठिकाणी ठेवणारे भेटतात आणि माझा संयम सुटतो. बँक बुडाली तर विम्याचं संरक्षण ५ लाखांपर्यंत, तेही मुद्दल आणि व्याज मिळून, फेब्रुवारी २०२० पासून. एकाच बँकेच्या चार शाखांत विभागून ठेवलं तर हिशोब एकत्रच होतो. आणि गल्लीतल्या पतसंस्थेला हे संरक्षण नाहीच. संचालक ओळखीचे आहेत, सत्यनारायणाला बोलावतात, हे ठेवीचं तारण होत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पोस्टात ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तिमाहीला व्याज मिळतं. मात्र वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही, आधी दिलेलंही मुद्दलातून वळतं होतं. म्हणून दवाखान्याचे पैसे त्यात अडकवू नका.

वारसनोंद तपासा. माझ्या टेबलावर आलेल्या एका पावतीवर वारस म्हणून वडिलांचं नाव होतं. ठेवीदार स्वतः ७४ वर्षांचे, वडील जाऊन वीस वर्षं झालेली. नोंद लग्नाआधीची, नंतर प्रत्येक वेळी ठेव आपोआप पुढे जात राहिली. आता बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नावं देता येतात, १ नोव्हेंबर २०२५ पासून. पण नाव दिलं म्हणजे पैसा त्याचा झाला असं नाही. तो बँकेकडून रक्कम घेतो आणि कायदेशीर वारसांना देणं लागतो. कुणाला किती द्यायचं हे ठरलेलं असेल तर मृत्युपत्र करा, आणि ते कुठल्या कपाटात आहे हे घरात दोघांना माहीत असू द्या.

फोनची जागा सुप्रभातच्या चित्रांनी भरते आणि मग बँकेचं अ‍ॅप अपडेट होत नाही. चित्रं आपोआप उतरण्याची सोय बंद करा.

बुधवारी येणार असाल तर पासबुक, पीपीओची झेरॉक्स, आधारला जोडलेला नंबर असलेला फोन चार्ज करून, आणि वाचायचा चष्मा आणा. नातवाला आणायला हरकत नाही, पण खुर्चीत तुम्ही बसायचं आणि फोन तुमच्या हातात राहील.